तांदळाएवढी जागा

मिस्त्री पाय बनवायचा. टेबल-खुर्चीचे नव्हे, माणसांचे. इस्पितळाच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक लांबलचक शेड होती, तिथं त्याचं काम चाले. अपघातात नाहीतर आजारात पाय गमावलेली माणसं कुबड्यांवर यायची आणि काही आठवड्यांनी त्याच कुबड्या काखेत मारून चालत जायची. "आमची सगळी गिऱ्हाइकं एका पायावर तयार असतात," असं मिस्त्री म्हणायचा. विनोद इतका जुना झाला होता की त्यावर कुणी हसत नसे, पण एखाद्या दिवशी तो म्हणाला नाही तर शेडमध्ये सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

ठकी गेल्यापासून तो विनोद त्यानं केला नव्हता.

ठकी त्याची एकुलती एक लेक. खरं नाव वेगळं होतं. पण तान्ही असताना लाकडी बाहुलीसारखी टकामका बघायची म्हणून आजीनं ठकी म्हटलं आणि तेच चिकटलं. रक्त तपासायचं शिक्षण घेत होती, घरात येईल त्याच्या बोटाला सुई टोचायला बघायची. एका संध्याकाळी सायकलवरून घरी येत होती. गोदामाच्या भिंतीकडेचा रस्ता. मागून मालाची गाडी आली, तिला उडवून भिंतीवर जाऊन आदळली. ठकी जागच्या जागी गेली. गाडीचा ड्रायव्हर चेपलेल्या पत्र्यात अडकला होता. पत्रा कापून त्याला बाहेर काढलं, आणि त्याचा एक पाय गुडघ्याखाली तोडावा लागला.

तो प्यायलेला होता हे जमलेल्या लोकांनी पाहिलं होतं, वासही घेतला होता. पण जमलेली माणसं पांगतात. कोर्टात उभं राहायची वेळ आली तेव्हा कुणाला काही आठवेना. आणि ड्रायव्हर शपथेवर म्हणाला, "साहेब, पोरगीच चाकाखाली आली. जीव द्यायलाच आली होती. मी तिला वाचवायला गाडी भिंतीवर घातली."

तो सुटला.

लेक गेली ते एक मरण. हे दुसरं. लोक दबक्या आवाजात बोलू लागले. तरणीताठी पोर, उगीच कशाला जीव देईल? काहीतरी भानगड असणारच. चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थ घरी येऊन चहा पिता पिता म्हणाले, "पुण्यतिथीची प्रार्थना आपण घरच्या घरीच करावी म्हणतो. उगाच चर्चा नको." मिस्त्रीची बायको उठली, त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि दार उघडून उभी राहिली. त्यानंतर ती घराबाहेर फारशी पडेनाशी झाली. शाळेचे गणवेश शिवायची ती. मशीनवर कापड तसंच दाबाखाली पडून राहिलं, त्यावर धूळ बसली.

असं असताना एके दिवशी सकाळी तोच ड्रायव्हर शेडच्या दारात उभा राहिला.

मिस्त्रीनं त्याला लगेच ओळखलं. कोर्टात सबंध वेळ त्यानं त्याच्याच मानेकडे बघितलं होतं. ड्रायव्हर वाळला होता, गालफडं बसली होती. त्यानं मान वर केली, मिस्त्रीला पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. पाय बनवणारा माणूस तोच आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो गर्रकन वळायला गेला, ओल्या प्लास्टरवरून कुबडी सटकली आणि तो आडवा झाला.

सगळ्यात जवळ मिस्त्री होता. हात पुढे केला असता तरी पुरलं असतं. त्यानं हात पुढे केला नाही. व्यायाम घेणाऱ्या बाई पलीकडून धावत आल्या आणि त्यांनी ड्रायव्हरला उठवून बाकावर बसवलं.

डॉक्टरीणबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं. "मी याला दुसऱ्या केंद्रात पाठवते. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. फक्त तिकडे रांग लांब आहे आणि याचा गुडघा आखडत चाललाय. एकदा आखडला की मग पाय बसवून उपयोग नाही. तेवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

"पाठवा," मिस्त्री म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, अशा गोष्टी आपल्या आधी घरी पोचतात. ती खिडकीशी बसली होती.

"पाठवला ना परत?"

"दुसऱ्या केंद्रात पाठवतायत."

"त्याला परत बोलवा."

मिस्त्रीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बोलवा त्याला आणि बनवा पाय," ती म्हणाली. "पण असा बनवा की पाऊल टाकलं की जीव कळवळला पाहिजे. दर पावलाला. मरेपर्यंत. कोर्टाच्या हातात होता, त्यांनी सोडला. आता तुमच्या हातात आलाय. देवानंच आणून दिलाय."

"देव असं आणून देत नाही."

"मग कशाला आणला?" तिनं विचारलं. "सांगा ना. रोज प्रार्थना करता, मग सांगा. कशाला आणला?"

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "राहू दे त्याला इथंच. मी करतो." बाईंचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, केवढ्या मनाचा माणूस. मिस्त्रीनं त्यांना तसं वाटू दिलं.

उरलेल्या पायाला हात लावल्याशिवाय पाय बनवता येत नाही. आधी मोजा चढवून त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, त्या सुकेपर्यंत दोन्ही तळव्यांनी पाय धरून ठेवायचा. ड्रायव्हर थरथरत होता. मिस्त्रीच्या हातात ती थरथर येत होती, आणि आतली नाडीही. ही नाडी चालू आहे, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. याची चालू आहे.

पट्ट्यांच्या पोकळीत प्लास्टर ओतलं की त्या पायाचा पांढरा साचा निघतो. त्या साच्यावर प्लास्टिकचं सॉकेट ओढायचं. उरलेला पाय ज्यात बसतो ते हे सॉकेट, आणि सगळी मेख त्यातच असते. नडगीचं हाड जिथं संपतं तिथं कातडी पातळ असते, तिला भार सोसत नाही. म्हणून साच्यावर त्या ठिकाणी थोडं जास्तीचं प्लास्टर लावायचं, म्हणजे सॉकेटमध्ये तेवढी जागा सुटते. फार नाही, तांदळाएवढी. मिस्त्रीची बोटं हे डोळे मिटून करायची.

या वेळी त्यानं डोळे उघडे ठेवले. लावायच्या जागी प्लास्टर लावलं नाही. कानस घेतली आणि होतं तेही घासून टाकलं. पांढरी पूड त्याच्या चपलांवर पडली. डॉक्टरीणबाई शेजारून गेल्या, साच्याकडे बघून "छान" म्हणाल्या.

पाय तयार झाला. ड्रायव्हर दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये उभा राहिला, दांड्या धरून त्यानं नव्या पायावर भार टाकला. त्याच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं ओठ दाबून धरला, आणखी एक पाऊल टाकलं, थांबला.

"असंच असतं का, मिस्त्री?"

"सुरुवातीला असंच असतं."

हे वाक्य त्यानं आजवर शेकडो माणसांना सांगितलं होतं, धीर द्यायला. तेव्हा ते खरं असायचं. आज त्याच शब्दांत, त्याच आवाजात ते खोटं होऊन बाहेर पडलं. खोटं बोलायला एवढा कमी जोर लागतो? त्याला वाटलं होतं, कोर्टात उभं राहून तसं बोलणाऱ्याचं काळीज दगडाचं असेल. आपलं तर दगडाचं झालं नव्हतं.

"झालं का?" संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"झालं."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. कितीतरी महिन्यांनी तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मिस्त्री ताटावर बसून राहिला.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट हातोहात बाकांवरून सरकत आलं. मिस्त्रीनं ते धरलं. लहानपणापासून किती वेळा धरलं होतं! पण घास उचलायला बोटं पुढे होईनात. नखांच्या कडांना अजून प्लास्टर होतं. ज्यानं स्वतःला खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्या नावाचा घास घ्यायचा तो याच बोटांनी? त्यानं ताट तसंच बायकोकडे सरकवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग घास घेतला.

वाटेत ती म्हणाली, "का नाही घेतली भाकर?"

"नाही घेववली."

"मी घेतली. मला काहीच वाटलं नाही." हे ती तोऱ्यात म्हणाली की घाबरून, ते त्याला कळलं नाही.

काही दिवसांनी व्यायामाच्या बाई ड्रायव्हरला त्याच्याकडे घेऊन आल्या. "मिस्त्री, हे बघा जरा." पायाचा मोजा रक्तानं कडक झाला होता. नडगीच्या टोकाला जखम पडली होती, कडा हिरवट झाल्या होत्या. अजून चार दिवस गेले असते तर गुडघाही वाचला नसता. बाई मलमपट्टीचं सामान आणायला गेल्या. दोघंच उरले.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, सुरुवातीला असंच असतं."

मिस्त्री त्याच्यासमोर खाली बसला. "मी मुद्दाम केलं," तो म्हणाला. "जागा सोडायची असते. मी सोडली नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचा पाय तुम्हीच केलाय ना? तो बागेत फिरल्यासारखा चालतो." ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. "मला कळलं होतं. पण बोललो आणि तुम्ही हाकलून दिलं तर? कुबडीवाल्याला काम कोण देतं? म्हटलं, सोसू."

मिस्त्री थांबला. आता हा बोलेल असं त्याला वाटलं. मी कबूल केलं, आता हा कबूल करेल. ठकी बाजूनं चालली होती, तिनं उडी घातली नव्हती, एवढंच. ड्रायव्हर काही बोलला नाही.

विचारता आलं असतं. पाय हवाय ना, मग खरं बोल. ओठांवर आलंही होतं. पण तसं विचारलं की हा पाय म्हणजे सौदा होतो, आणि पाय रोखून धरून वदवून घेतलेलं खरं कुणाच्या कामाचं? त्यानं शब्द गिळले.

तो उठला. ते सॉकेट ऐरणीवर ठेवून हातोडीनं फोडलं. शेडमधले सगळे वळून बघू लागले.

"नवा करतो," तो ड्रायव्हरला म्हणाला. "पण ऐकून ठेव. मला तुझी कीव आली म्हणून नाही. तू मेला असतास तर मला वाईट वाटलं नसतं. आजही वाटणार नाही. पण माझं काम माझ्या प्रभूला दाखवावं लागतं. हे असलं मला दाखवता येणार नाही."

जखम भरेपर्यंत पट्टी तो स्वतः बदलायचा. व्यायामाच्या बाई मी करते म्हणाल्या, पण त्यानं ऐकलं नाही. कोमट पाण्यानं धुवायचं, टिपायचं, मलम लावायचं. मन बदलतं, हलकं होतं, असं त्यानं प्रवचनांत ऐकलं होतं. त्याचं काही हलकं झालं नाही. हात चांगुलपणा करत होते आणि आत तीच आग तशीच होती. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाणी कोमट करायला ठेवायचा.

बायकोला सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"फोडलंत?"

"हो."

"आणि नवा करताय. चांगला."

"हो."

"तुम्ही तिचे बाप की त्याचे?"

तिनं कपाटातून ठकीचा फोटो घेतला, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि धाकट्या बहिणीकडे निघून गेली. जाताना आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

नवा पाय त्यानं जसा करायला हवा तसाच केला. सोडायची ती जागा सोडली. ड्रायव्हर दांड्यांच्या मध्ये उभा राहिला, पाऊल टाकलं आणि चकित होऊन खाली बघू लागला, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता. मग त्यानं दांड्या सोडल्या. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. फाटकापाशी पोचल्यावर तो वळला. तोंड उघडलं, मिटलं. आणि निघून गेला.

मिस्त्रीला वाटलं, आता आपल्याकडे काही म्हणजे काहीच उरलं नाही. लेक गेली. तिचं नाव मातीत गेलं. बायको गेली. आणि ज्यानं हे केलं तो आपणच दिलेल्या पायावर ऐटीत चालत गेला. घरी येऊन तो भात लावायचा आणि करपवायचा. एका दुपारी करपलेलं भांडं घासता घासता त्यानं ते मोरीत आपटलं आणि मोठ्यानं ओरडला, "तू सांगितलंस तसं केलं ना मी? मग आता तू कुठायस?" शेजारणीनं खिडकीतून डोकावून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. वरून काही उत्तर आलं नाही. तो मोरीशीच भिंतीला टेकून बसला. प्रार्थना सोडून द्यावी, चर्च सोडावं, शेडही सोडावी, असं त्याच्या मनात आलं, आणि ते सोडून कुठे जायचं हेही सुचेना.

असेच दिवस जात राहिले. मग एका दुपारी कडी वाजली. बायको दारात उभी होती, हातात तीच पिशवी.

ती आत आली. पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं.

"तो आला होता," ती म्हणाली. "बहिणीकडे. चर्चच्या पाळकांना पत्ता विचारला म्हणे."

"कोण?"

"कोण काय, तोच." ती खुर्चीवर बसली. "दारातच उभा राहिला. म्हणाला, बाई, तुमची मुलगी सायकलवरून रस्त्याच्या कडेनं चालली होती. तिनं काही केलं नाही. मी प्यालो होतो. मालकाच्या वकिलानं शिकवलं तसं मी बोललो."

मिस्त्रीनं टेबलाची कड धरली.

"मी विचारलं, आता कशाला सांगतोस? सुटलास ना? तर म्हणाला, तो पहिला पाय होता तेव्हा तरी नीट निजायचो. सोसतोय, फेडतोय असं वाटायचं. या पायात काही दुखत नाही. मग सगळं डोक्यात येऊन बसतं."

"मग?"

"मग मी त्याच्या थोबाडीत मारली. जेवढा जोर होता तेवढा लावून." तिनं आपल्या तळहाताकडे पाहिलं. "हलला. पण पडला नाही."

मिस्त्री खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"मी म्हटलं, हे मला सांगून काय होणार, चौकीत चल. आला. तो पुढे, मी मागे. सबंध वाट मी त्याच्या पायाकडेच बघत होते. कुठे लचकतो का, कुठे थांबतो का. नाही." मग ती म्हणाली, "चांगला केलायत पाय."

आणि मग ती रडली. ठकीला पुरलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मिस्त्री तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि तोही रडला.

पुढचं सगळं सावकाश झालं. ड्रायव्हरनं लिहून दिलं, खटला पुन्हा उभा राहिला, आणि तो तुरुंगात गेला. मालकाच्या वकिलाला काही झालं नाही. ते चर्चमधले गृहस्थ एकदा घरी आले, टोपी हातात घेऊन बसले आणि काही न बोलता गेले. कुजबुज कमी झाली, पण एखाद्या घरात अजून चालत असेलही. गेलेली लेक काही परत आली नाही. मिस्त्रीच्या आतली आगही एका दिवसात विझली नाही. कधी कधी कामाच्या मधेच ती भडकायची, आणि तो हातातलं काम खाली ठेवून ती शमेपर्यंत थांबायचा.

पण ते पुढचं. त्या दुपारी, रडून झाल्यावर, बायको म्हणाली, "प्रार्थना करू या."

त्याला धड शब्द सुचेनात, म्हणून प्रभूनं शिकवलेली प्रार्थनाच तो म्हणू लागला, आणि तीही त्याच्याबरोबर म्हणू लागली. "जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे" ही ओळ आली तिथं ती गप्प झाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, थांबलाही नाही. तेवढी ओळ त्यानं अडखळत एकट्यानंच म्हटली. मग तिचा आवाज पुन्हा आला, आणि पुढचं दोघांनी मिळून म्हटलं.